वाढीव कुटुंब, वाढीव खोली

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील सात-आठ प्रतिष्ठित मंडळी एक अर्ज घेऊन माझ्या कचेरीत आली. अर्जावर चाळीसेक सह्या होत्या. वरच्या बाजूस एक जागा कोरी ठेवली होती, ती माझ्यासाठी. अर्जाचा विषय असा की, आमच्या वसाहतीतील एका विधवा भगिनीने घरामागील मोकळ्या जागेत एक खोली, तिला लागून मोरी व संडास असे बांधकाम करून ते एका परक्या कुटुंबास भाड्याने दिले आहे. त्यामुळे वसाहतीचे स्वास्थ्य बिघडत आहे. तरी सदरहू वाढीव बांधकाम तात्काळ पाडण्यात यावे. मी सही केली नाही. का केली नाही, हे त्या दिवशी मला धड सांगता आले नाही. माझा आवाज चढला, मंडळी दुखावली आणि चहा न घेताच उठून गेली. त्यांना जे तोंडी सांगायचे राहिले, ते आज लेखी मांडतो आहे. या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरामागे अशी एखादी खोली असेल. नसेल तर शेजाऱ्याच्या घरामागे खचितच असेल. तेव्हा हा वाद केवळ आमच्या वसाहतीपुरता नाही. शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही.

अर्जातील 'परके कुटुंब' कोण, याची चौकशी सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही केली नव्हती. मी केली होती. तो गृहस्थ सुतारकाम करतो. पत्नी दोन घरी स्वयंपाकाला जाते. मुलगी अकरावीत आहे, मुलगा सातवीत. आणि हे कुटुंब आले आहे भंडारा जिल्ह्यातून, गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातून.

गोसीखुर्दचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेले असते. पण त्या नावामागे किती गावे उठली, याची कल्पना शहरवासीयांना क्वचितच असते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. नाव इंदिरासागर. लांबी अकरा किलोमीटरहून अधिक, दरवाजे तेहतीस, आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचा संकल्प. धानाच्या या मुलखाला पाणी हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. धरण हवे की नको, हा आजचा विषयच नव्हे. विषय आहे तो माणसे मोजण्याचा.

पायाभरणीपासून गावे प्रत्यक्ष उठेपर्यंत अनेक ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांचा काळ लोटला. या काळात कागद जागच्या जागी राहिला आणि माणसे मात्र वाढत राहिली. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांनाही मुले झाली. आपल्या राज्याच्या पुनर्वसन कायद्याने कुटुंबाची जी व्याख्या केली, तीत बाधित व्यक्ती, तिचा पती वा पत्नी, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील व इतर आप्त येतात. मोजणीच्या दिवशी जो दहा वर्षांचा होता तो बापाच्या कुटुंबात मोजला गेला आणि पुढे तो पस्तिशीचा झाला तरी कागदावर तिथेच राहिला. अशा माणसांनी आपला स्वतंत्र चुलीचा हक्क सांगितला, तेव्हा त्यांच्यासाठी एक शब्द रूढ झाला : 'वाढीव कुटुंबे'. २०१३ साली सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, तरीही वाढीव कुटुंबांचे गाऱ्हाणे संपले नाही. त्यासाठी मोर्चे निघाले, धरणे धरली गेली, बाया-माणसे नदीच्या पाण्यात उतरून उभी राहिली.

या 'वाढीव' शब्दापाशी क्षणभर थांबावे, अशी वाचकांना माझी विनंती आहे. प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च होता ३७२ कोटी रुपये. २०१६ साली तो सुमारे १८,५०० कोटींवर गेला, म्हणजे जवळजवळ पन्नासपट. या वाढीस शासनदरबारी भारदस्त नाव आहे, 'सुधारित प्रशासकीय मान्यता'. एका शेतकऱ्याचे एकाचे तीन संसार झाले, त्या वाढीस मात्र कोणी सुधारित मान्यता दिली नाही. पैसा वाढला तर तो सुधारतो आणि माणूस वाढला तर तो वाढीव ठरतो, हा न्याय मला समजत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या सुताराचे वडील वारले, तेव्हा मी त्याच्याबरोबर त्यांच्या पुनर्वसित गावठाणात गेलो होतो. तो आपल्या धर्माचा नाही. पण मुलगी आमच्या शाळेतली आणि घरचा कर्ता माणूस गेलेला, एवढे कारण मला पुरे होते. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एका मापाचे भूखंड, समाजमंदिर, हापसा. जुन्या गावात घराला पुढे सपरी आणि मागे ऐसपैस सांदवाडी होती. बैल, तणसाचे ढीग, कोंबड्या, वाल-दोडक्यांचे मांडव, सगळे तिथेच. आणि पोराचे लग्न ठरले की त्याच सांदवाडीत कुडाच्या चार भिंती उभारून वर कवेलू चढवायचे, की झाले सुनेचे घर! कोणाची परवानगी नाही, कोणाचा अर्ज नाही. वाटणी न करता वेगळी चूल मांडण्याची ती जुनी, समंजस रीत होती. नव्या गावठाणात भूखंडाचे माप डोकी मोजून ठरले, आणि डोकी मोजली गेली ती फार पूर्वी. त्या भूखंडावर पुढे बापाचे विटांचे घर, मागे थोरल्याची टिनाची खोली. धाकट्याला जागा उरली नाही. तोच हा आमच्याकडे आलेला सुतार.

त्याची आई मला म्हणाली, ''मोजनी झाली तवा हा चौथीत होता फादरजी. त्याच्या नावाचं काईच नाई लिवलं.'' तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. गाय कधी व्याली हे सांगावे, तसे ती सांगत होती.

आता शहराकडे वळू. वाढीव कुटुंब म्हणून गावठाणात ज्याला जागा मिळाली नाही, तो शहरात येऊन 'वाढीव बांधकामा'त राहू लागला आणि तिथूनही त्याला उठवण्यासाठी चाळीस सह्या जमल्या. एकाच माणसावर एकच विशेषण दोनदा येऊन आदळले. अर्ज लिहिणाऱ्या सुशिक्षित बंधूंना हे ठाऊक नव्हते, हे मी मान्य करतो. परंतु अज्ञान हा सहीचा आधार होऊ शकत नाही.

मंडळींचा पहिला आक्षेप कायद्याचा होता. घराच्या बाजूला आणि मागे मोकळी जागा सोडलीच पाहिजे, असा नियम आहे. ती जागा हवेसाठी, उजेडासाठी, आग लागली तर माणसाला आत-बाहेर करता यावे यासाठी असते. नियम योग्य आहे. मी त्याची टर उडवणार नाही. अग्निशामक दलाचा माणूस जिथून शिरू शकत नाही, अशा बोळात लोक जळून मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. परंतु मंडळी हो, ज्या अर्जदारांनी या नियमाचा हवाला दिला, त्यांतील निम्म्या घरांनी पुढची मोकळी जागा मोटारीसाठी छत घालून बंद केलेली आहे. मोटारीच्या डोक्यावरचे पत्रे कोणाला वाढीव बांधकाम वाटले नाहीत. सातवीतल्या मुलाच्या डोक्यावरचे वाटले!

आणि शासनाचा स्वतःचा व्यवहार पाहा. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटिसा निघतच असतात. मग २००१ साली गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा येतो. २०२१ साली त्याची मुदतरेषा पुढे सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली जाते. म्हणजे वीस वर्षे लोकांनी चोरासारखे बांधायचे, वीस वर्षे कोणाकोणाचे हात ओले करायचे आणि मग शुल्क भरून एके दिवशी सज्जन व्हायचे. जे अखेरीस मान्यच करायचे आहे, ते आधीच अटी घालून, नकाशा पाहून, खिडकी आणि वाट कुठे ते तपासून का मान्य करू नये? २०२० च्या एकात्मिकृत नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाची परवानगी-प्रक्रिया पुष्कळ सोपी केली, हे पाऊल चांगलेच आहे. परंतु आपल्या नियमांच्या मनात अजूनही भूखंडावर एकच घर असते आणि घरात एकच अखंड संसार नांदत असतो. मागील दारी स्वतंत्र चूल असलेले एक लहान घर, असा प्रकार नियमांच्या डोळ्यांना दिसतच नाही. आणि जे दिसत नाही, ते सुरक्षितही करता येत नाही.

वस्तुतः शहरातील घरटंचाई म्हणजे काय, हे एका सरकारी समितीनेच सांगून ठेवले आहे. प्राध्यापक अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ साली भारतीय शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख इतकी काढली. त्यांपैकी रस्त्यावर राहणारी कुटुंबे पाच लाखांच्या आसपास होती. तब्बल दीड कोटी कुटुंबांची तूट दाटीची होती. ज्या घरात विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नाही, ते घर त्या गणतीत दाटीचे धरले गेले. जवळजवळ ऐंशी टक्के टंचाई ही एका खोलीची टंचाई आहे! आणि त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांतील रिकाम्या, कुलूपबंद घरांची संख्या निघाली १ कोटी ११ लाख. उंच इमारती बांधून टंचाई मिटेल, असे आपल्याला सांगितले जाते. इमारती उभ्या राहतात, विकल्या जातात आणि त्यांना कुलपे लागतात. ज्याला एका खोलीची गरज आहे, तो ती खोली आपल्या सासऱ्याच्या, भावाच्या किंवा एखाद्या विधवा घरमालकिणीच्या परसातच शोधतो, कारण भाडे त्याला तिथेच झेपते.

हे केवळ आपल्या गरिबीचे रडगाणे आहे, असे कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियात अशा घराला 'आजीची खोली' अशा अर्थाचे नाव आहे. तेथील न्यू साउथ वेल्स राज्याने २००९ पासून मुख्य घराच्या आवारात साठ चौरस मीटरपर्यंतच्या अशा खोल्यांना मोकळीक दिली. त्याच वर्षी कॅनडातील व्हँकुव्हर शहराने मागील गल्लीवर तोंड असलेल्या लहान घरांना परवानगी दिली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नगरपालिका शेजाऱ्यांच्या तक्रारींपुढे नमून अशा घरांना अडवीत असत. २०१६ साली राज्याने कायदा करून त्यांचे हात बांधले. परसातील चूल तिथे काही आपल्यासारखी परंपरागत नव्हे. त्यांना ती नव्याने शिकावी लागली. आणि आपण, ज्यांच्या वसईच्या वाडीत काय किंवा वैनगंगेकाठच्या सांदवाडीत काय, भावाभावांची घरे एकाच विहिरीचे पाणी पीत पिढ्यान् पिढ्या नांदली, ते आपण आज एका खोलीविरुद्ध सह्या गोळा करतो आहोत.

दुसरा आक्षेप पाण्याचा व सांडपाण्याचा. यात तथ्य आहे. नळ तोच, गटार तेच आणि तोंडे चार अधिक. यावर उपाय म्हणजे मागील घराची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र कर आणि त्या कराच्या पैशातून रुंद केलेले गटार. लपवलेल्या घराकडून कर मिळत नाही. नोंदलेल्या घराकडून मिळतो. इतके साधे गणित आहे.

तिसरा आक्षेप अर्जात नव्हता. तो दारात उभे राहून, आवाज खाली आणून मला सांगण्यात आला. ''फादर, कसले कसले लोक येतात हो. उद्या आपल्या पोरीबाळींनी गल्लीतून जायचं कसं?'' या आक्षेपाला मी उत्तर देणार नाही. मी फक्त एवढे विचारतो की, आपले वडील किंवा आजोबा या शहरात प्रथम आले, रेल्वेत, गिरणीत किंवा इस्पितळात नोकरीला लागले, तेव्हा पहिली रात्र त्यांनी कोणाच्या छपराखाली काढली? माझ्या वडिलांनी ती एका मारवाडी गृहस्थाच्या गोठ्यामागील खोलीत काढली, आणि पुढची अकरा वर्षे तिथेच काढली. माझा जन्म त्या खोलीतला.

पवित्र शास्त्राचा आधार घेतल्यावाचून धर्मगुरूचा लेख पुरा होत नाही, असे माझे एक मित्र चेष्टेने म्हणतात. तर घ्या! राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा चौथा अध्याय काढून पाहा. शूनेम गावची एक सधन बाई आपल्या नवऱ्याला सुचवते की, येता-जाता आपल्याकडे उतरणाऱ्या अलीशा संदेष्ट्यासाठी माळवदावर एक लहानशी खोली बांधू. तीत पलंग, मेज, आसन आणि दिवा ठेवू. ते वाढीव बांधकामच होते. शूनेमच्या शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्याचा उल्लेख ग्रंथात नाही. १९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी बेघरांसाठी निवाऱ्याचे वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरला रोमच्या न्याय व शांती आयोगाने घरांच्या प्रश्नावर एक पत्रक काढले. बेघर भावाचे तू काय केलेस, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता, आणि घर ही निव्वळ बाजारातील जिन्नस नव्हे, असे त्यात बजावले होते. गोसीखुर्दची पायाभरणी त्यानंतर चार महिन्यांनी झाली. हा निव्वळ योगायोग. पण मला तो विसरता येत नाही.

येथवर मी अर्जदारांना बोललो. आता माझी दुसरी बाजू. खोली बांधणाऱ्यांचा मी काही वकील नव्हे. आपल्याच धर्मग्रामांत अशा खोल्या मी पाहिल्या आहेत, ज्यांना खिडकी नाही, संडास सामाईक, वर पत्रा, आणि भाडे मात्र पुढच्या घराच्या मासिक हप्त्याइतके. करारपत्र नाही. पावती नाही. अनामत रक्कम तोंडी. विचारले तर उत्तर ठरलेले असते : ''कागद केला की भाडेकरू जागा बळकावतो, फादर.'' ही भीती जुन्या जमान्यातली आहे. आमच्या विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश होता, मुंबईत १९४७ चा कायदा होता. त्या काळात घरमालकाला आपली जागा परत मिळवताना आयुष्य पुरत नसे, हे खरे आहे. परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ अमलात आहे. मुदतीचा परवाना करार संपल्यावर जागा परत मिळवण्याची स्वतंत्र आणि जलद वाट त्याच्या २४ व्या कलमात आहे. आणि ५५ वे कलम तर घरमालकांनी भिंतीवर लिहून ठेवावे : करार लेखी व नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाईल, शिवाय तुरुंगवास वा दंड वेगळाच. म्हणजे कागद टाळून घरमालक स्वतःचाच गळा आवळून घेतो. त्या विधवा भगिनीला मी हे समजावून सांगितले. तिने करार केला. मागील भिंतीत खिडकी पाडायला लावली, ती सुतारानेच बसवली. बाजूची वाट मोकळी करण्यासाठी तुळशी-जास्वंदीच्या कुंड्या आणि एक मोडकी शिवणयंत्राची पेटी हलवावी लागली. यासाठी तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

आणखी एक गोष्ट मला खुपते. काही घरांत मागील खोली भाडेकरूसाठी बांधलेली नसते. ती म्हाताऱ्या आईसाठी असते. पुढच्या घराला रंग, फरशी, दिवाणखाना, आई मागे. जेवणाचे ताट झाकून परसातून नेतात. खोली लहान असण्यात पाप नाही, मागे असण्यातही नाही. पुष्कळ वृद्धांना स्वतःचे दार आणि स्वतःची चूल प्रिय असते, आणि ती त्यांना मिळाली तर ते सुखी असतात. प्रश्न असा की, ते दार आतून उघडते की बाहेरून. आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ साली या देशाला कायदा करावा लागला, एवढेच इथे नमूद करतो. नावे घेत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

मूळ मुद्द्याकडे येतो. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, स्त्री असो वा पुरुष, लग्न झालेले असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब मानले. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांनाही स्वतंत्र कुटुंब मानले. गोसीखुर्दच्या वाढीव कुटुंबांनी जे मागितले, त्याचा अर्थ याहून निराळा नव्हता. कायद्याला शहाणपण आले. परंतु ज्यांच्या बाबतीत यायला हवे होते, त्यांचे गाव तोवर पाण्यात गेले होते. नगररचनेच्या नियमांनाही हेच शहाणपण यावे, एवढी माझी मागणी आहे. एका आवारात दोन घरे असू शकतात, हे त्यांनी मान्य करावे. किमान क्षेत्रफळ, खिडकी, संडास, बाहेर पडण्याची वाट आणि आगीपासून अंतर या अटी घालाव्यात आणि कठोरपणे पाळायला लावाव्यात. मग जे अटी मोडतील त्यांच्यावर हातोडा चालवावा. त्या अर्जावर मी पहिली सही करीन.

अर्जदार मंडळींनी माझ्या सहीवाचून अर्ज पुढे पाठवला. नोटीस आली. तिला उत्तर देण्यासाठी एका तरुण वास्तुशास्त्रज्ञाने मोफत नकाशा काढून दिला आहे; सुनावणी अजून झालेली नाही. मध्यंतरी धर्मग्राम समितीच्या सभेत एका सभासदाने मला सरळच विचारले, ''फादर, तुम्हाला इतका कळवळा आहे, तर मिशनच्या आवारातली ती मागची खोली रिकामी का?'' प्रश्न रास्त होता. आमचा जुना स्वयंपाकी वारल्यापासून त्याची खोली बंद आहे. तीत मिरवणुकीचे मंडप आणि नाताळच्या गोठ्याचे सामान ठेवले आहे. परिचारिका प्रशिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेल्या दोन मुलींना ती खोली द्यावी, असा प्रस्ताव मी मांडला. चर्चा दीड तास चालली. पाण्याचा प्रश्न निघाला, गटाराचा निघाला, आवाराच्या शिस्तीचा निघाला. निर्णय पुढील सभेवर ढकलण्यात आला. ती सभा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर आहे. दरम्यान मी मंडपाचे सामान बाहेर काढून ठेवले आहे.